महाबळेश्वरला जावं कधी?

23 जुलै 2021 च्या सकाळी साडेआठ वाजता महाबळेश्वरच्या वेधशाळेत मागच्या चोवीस तासांचा पाऊस मोजला गेला. आकडा होता 594.4 मिलिमीटर. पुण्यात वर्षभरात साडेसातशेच्या आसपास पाऊस पडतो. तिथल्या अख्ख्या वर्षातला बहुतेक पाऊस इथे एका दिवसात उतरला. त्याच पावसात घाटाखाली महाड तालुक्यातलं तळीये गाव दरडीखाली गेलं आणि महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरणारा आंबेनळी घाट जागोजागी तुटला.

याच गावाची दुसरी बातमी दर डिसेंबर-जानेवारीत येते: वेण्णा तलावाच्या काठावर दवबिंदू गोठले, गाड्यांच्या टपांवर पांढरा थर. तिसरी बातमी मे महिन्यातली असते: तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवर पाणीटंचाई, टँकर सुरू. जेमतेम तेरा-चौदा हजार वस्तीच्या गावाला एका वर्षात हे तिन्ही ऋतू इतक्या टोकाचे भेटत असतील, तर ‘जायला चांगला सीझन कोणता’ या प्रश्नाला एका महिन्याचं नाव सांगून भागत नाही. हॉटेलवाल्याला विचारलं तर तो मे आणि दिवाळी सांगेल. त्याचं चूक नाही, त्याच्या दरपत्रकात सीझन म्हणजे तेच. पण हा सीझन गावाच्या हवेने ठरवलेला नाही. तो ठरवला मुंबईच्या उकाड्याने आणि साहेबाच्या बदलीच्या वेळापत्रकाने. त्याचा हिशेब पुढे मांडतोच, आधी पाऊस समजून घेऊ. इथलं सगळं पावसावरून ठरतं.

जून उजाडला की अरबी समुद्रावरून बाष्पाने भरलेले वारे कोकणपट्टी ओलांडून सह्याद्रीला येऊन भिडतात. समोर हजार-बाराशे मीटरचा कडा. वाऱ्याला वर चढण्यावाचून गत्यंतर नसतं. वर चढताना हवा प्रसरण पावते, थंड होते, आणि थंड हवेला आपल्यातलं सगळं बाष्प सांभाळता येत नाही. ढग होतात, पाऊस पडतो. महाबळेश्वर नेमकं या कड्याच्या माथ्यावर, सुमारे 1350 मीटरवर वसलेलं आहे. आर्थर सीटला उभं राहिलं की पश्चिमेला सावित्रीचं खोरं सरळ पायांखाली दिसतं. त्याच खोऱ्यातून वारा वर येतो. वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, त्यातला दोन हजारांच्या आसपास एकट्या जुलैत. हवामान खातं दिवसाला 64.5 मिलिमीटरच्या वर गेलेल्या पावसाला ‘जोरदार’ म्हणतं. जुलैच्या पावसाला एकतीसने भागून पाहा. इथला जुलैतला अगदी सरासरी दिवससुद्धा त्या रेघेवर जाऊन टेकतो.

माथा ओलांडला की गंमत सुरू होते. वारा आता उतरणीला लागतो, उतरताना हवा तापते, ढग विरतात. महाबळेश्वरपासून एकोणीस किलोमीटर पूर्वेला पाचगणी आहे, तिथे पाऊस निम्म्याहूनही कमी. पसरणीचा घाट उतरून वाईत आलं की तो जवळपास पुण्याइतकाच राहतो. आणखी पूर्वेला गेलं की त्याच सातारा जिल्ह्यातला माण तालुका लागतो. तिथे पाचशे मिलिमीटरच्या आसपास पावसावर वर्ष काढायचं असतं आणि चारा छावण्या हा निवडणुकीचा विषय असतो. जिल्हा एक, कलेक्टर एक, आणि पावसाचं माप दहा पटींनी वेगळं.

प्रवाशाने ही गोष्ट गाठीशी बांधून ठेवावी. इथे ‘कधी’ विचारताना ‘कुठे मुक्काम’ हेही सोबत ठरवावं लागतं. भर जुलैत महाबळेश्वरच्या बाजारपेठेत खोली घेतलेला माणूस आणि त्याच दिवशी पाचगणीत किंवा भिलारला उतरलेला माणूस वेगवेगळ्या ऋतूंत राहत असतो. एकाच्या खिडकीबाहेर पांढरा पडदा असतो, दुसऱ्याला अधूनमधून कृष्णेचं खोरं दिसतं. इंग्रजांनाही हे लवकर कळलं. 1860 च्या दशकात जॉन चेसन यांच्याकडे पाचगणी वसवण्याचं काम आलं ते याच कारणाने. महाबळेश्वर पावसाळ्यात राहण्याजोगं नव्हतं आणि बारमाही राहता येईल अशी जागा हवी होती. पाचगणीला निवासी शाळांची रांग लागली आणि महाबळेश्वरला लागली नाही, त्यामागेही हाच पाऊस आहे. पोरांना चार महिने घरी कोण धाडणार?

आता सीझनच्या त्या हिशेबाकडे. 1824 मध्ये पीटर लॉडविक हा लष्करी अधिकारी हे डोंगर चढून आला. पुढे मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या मनात ही जागा भरली आणि 1829 मध्ये साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह यांच्याकडून ती वाईजवळच्या खंडाळा गावाच्या बदल्यात घेतली गेली. बाजारपेठेला माल्कमपेठ नाव पडलं. मग मुंबई सरकारचा फिरता संसार सुरू झाला: थंडीत मुंबई, उन्हाळ्यात महाबळेश्वर, पावसाळ्यात पुणे. फायली, शिपाई, मडमा, घोडे सगळे एप्रिलमध्ये वर चढायचे आणि पाऊस सुरू व्हायच्या आत खाली उतरायचे. पाऊस संपला की ऑक्टोबरात काही जण पुन्हा यायचे. साहेब गेला, त्याचं वेळापत्रक मात्र आपण शाळेच्या सुट्ट्यांना जोडून जसंच्या तसं पुढे चालवलं. माझ्या मते त्यातला ऑक्टोबर हा भाग शहाणपणाचा होता, मे हा नाइलाजाचा.

साहेब निघून गेल्यावर मागे राहणाऱ्यांचा पावसाळा वेगळाच होता, अजूनही आहे. मे संपत आला की गावात शाकारणीची घाई उडते. घरांच्या, दुकानांच्या भिंतींना पश्चिमेच्या बाजूने गवताच्या झडी बांधायची इथली जुनी रीत. पाऊस वरून पडतो तसाच तो आडवाही येतो आणि जांभ्याच्या भिंती पाणी पितात. आता बहुतेक ठिकाणी गवताची जागा प्लॅस्टिकने आणि पत्र्याने घेतली आहे. जुलैत गेलात तर बाजारपेठ निळ्या प्लॅस्टिकच्या आड बसलेली दिसेल. फोटोला ते बरं दिसत नाही, पण त्याच्याआड माणसं कोरडी असतात.

तर जुलै-ऑगस्टात जावं का? पंचांगातली नक्षत्रं धरून बोलायचं तर पुनर्वसूचा तरणा पाऊस आणि पुष्याचा म्हातारा पाऊस, म्हणजे साधारण 5 जुलैपासून महिनाभर, इथला कळस असतो. त्या दिवसांत पॉइंट बघायला जाणं म्हणजे शुद्ध भोळेपणा. विल्सन, केट्स, एल्फिन्स्टन, लॉडविक, सगळीकडे एकच देखावा: पांढरं. लोक त्याला धुकं म्हणतात, पण तो चक्क ढग असतो. ढगाचा तळ गावाच्या उंचीच्याही खाली असतो, म्हणून आपण ढगात उभे असतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने 2012 मध्ये मेघभौतिकीची प्रयोगशाळा महाबळेश्वरला उभारली ती यासाठीच. एरवी ढगाच्या आत उपकरणं न्यायची तर विमान लागतं, इथे ढगच इमारतीतून ये-जा करतात. या ढगांची आणखी एक खूण सांगतो. भर पावसाळ्यात इथे कोसळणाऱ्या मानाने गडगडाट फार कमी असतो. घाटमाथ्यावरचे हे ढग बरेचसे बुटके असतात, बर्फ तयार होण्याइतके उंच ते वाढत नाहीत आणि बर्फाच्या कणांची घासाघीस नसली की वीजही फारशी तयार होत नाही. विजा चमकतात त्या मेच्या वळवात आणि ऑक्टोबरात. त्या दिवसांतल्या दुपारी उघड्या पठारावर रेंगाळू नये, ते यामुळे.

थंडीचा खरा हिशेबही पावसाळ्यातच कळतो. जुलै-ऑगस्टात इथलं दिवसाचं तापमान विशीच्या आसपास अडकलेलं असतं आणि रात्री ते सतरापर्यंत उतरतं. दिवस-रात्रीत जेमतेम तीन अंशांचा फरक. जानेवारीत दुपार चोविसाच्या घरात जाते. दिवसभराचा विचार केला तर महाबळेश्वरचे सर्वांत गार दिवस पावसाळ्यातले आहेत, नाताळातले नव्हेत. हे ऐकून स्वेटर भरणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं की ही ओली थंडी आहे. लोकर वाळत नाही, बूट वाळत नाहीत, मीठ पाणी सोडतं, काडेपेटी पेटायला कुरकुर करते. पाळण्यातलं मूल किंवा दम्याचं दुखणं असलेले आजोबा सोबत असतील तर हा काळ सोडून द्यावा. खोली घेताना दोन गोष्टी विचाराव्यात: खिडकी कोणत्या दिशेला आहे, आणि कपडे वाळवायची काय सोय आहे. पूर्वेकडची खिडकी आणि गरम हवेची एक कपाटवजा खोली मिळाली तर सकाळच्या न्याहारीत काय मिळतं हे नाही विचारलंत तरी चालेल.

मग या पावसात काय आहे? आहे, बरंच आहे, फक्त ते लांबचं नाही. दूरचं सगळं पुसलं गेल्यामुळे जवळचं दिसायला लागतं. इथलं जंगल सदाहरित असूनही बुटकं आहे. जांभूळ, अंजनी, पिसा, हिरडा ही मुख्य झाडं, वाऱ्याने आणि उथळ मातीने खुरटलेली. पावसात त्यांच्या खोडांवर शेवाळ, नेचे आणि आमरींची अशी दाटी होते की मूळ साल दिसेनाशी होते. जुन्या महाबळेश्वरच्या पंचगंगेच्या देवळात कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री, गायत्री यांचं पाणी एका गोमुखातून पडतं. भाविक तिथे बारा महिने जातात, पण या डोंगरातून नद्या का निघाव्यात हे पावसाळ्यात डोळ्यांनी कळतं. इथून निघालेली सावित्री पश्चिमेला उडी घेऊन बाणकोटच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळते आणि कृष्णा पूर्वेला वळून सुमारे चौदाशे किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला. एकाच माथ्यावर पडलेले दोन थेंब दोन समुद्रांना जातात.

पावसाळ्यातला दिवस काढायला भिलारइतकं चांगलं ठिकाण मला माहीत नाही. मे 2017 पासून हे पुस्तकांचं गाव आहे. घराघरांत, देवळात, शाळेत पुस्तकांची कपाटं मांडलेली आहेत, कुणाच्याही ओसरीवर जाऊन बसावं आणि वाचावं. लोक स्ट्रॉबेरीच्या दिवसांत तिथे धावती भेट देतात, फोटो काढतात आणि निघतात. बाहेर धार लागलेली असताना तिथे कादंबरी हातात घेऊन बसायला हवं. गाव पूर्वेच्या बाजूला असल्यामुळे पाऊसही बेताचा असतो, अर्थात महाबळेश्वरच्या मानाने बेताचा.

मात्र घाटाचं भान ठेवायला हवं. वर यायच्या तीन मुख्य वाटा: वाईकडून पसरणी, साताऱ्याहून मेढ्यामार्गे केळघर आणि कोकणातून आंबेनळी. यातला आंबेनळी पावसात सर्वांत बेभरवशाचा. तो कड्याच्या तोंडावरच आहे आणि दरडी तिथे दरवर्षी येतात. हवामान खात्याने सातारा घाटमाथ्याला ऑरेंज किंवा रेड अलर्ट दिला असेल तर बेत पुढे ढकलावा. ‘आम्ही दरवर्षी जातो, काही होत नाही’ हे वाक्य दरडीने ऐकलेलं नसतं. हॉटेलचे पैसे बुडाले तरी बुडू द्यावेत.

आता मे. एप्रिल-मेमध्ये इथे तिशीच्या आसपास तापमान असतं. पुण्यात अडतीस-चाळीस असताना हा दिलासा खराच आहे, उंचीमुळे मिळणारा. शाळांना सुट्टी असते, त्यामुळे लेकराबाळांसह निघणाऱ्यांना पर्यायही नसतो, हेही मान्य. पण मेमध्ये दिसतं काय? हवा कोरडी आणि धुळकट. फेब्रुवारीपासून आसपासच्या डोंगरांवर वणवे लागतात, त्यांचा धूर आणि मैदानावरची धूळ मिसळून खोऱ्यांवर मळकट पडदा धरते. कड्यावर उभं राहून समोरची रांग ओळखू येत नाही. लिंगमळ्याचा धबधबा ओळीने पाझरणाऱ्या पाण्याएवढा उरलेला असतो. आणि पाणी! साडेपाच हजार मिलिमीटर पाऊस पिऊन हा डोंगर मेमध्ये तहानलेला का असतो, हे कोडं नवख्याला सुटत नाही. उतार तीव्र, वर जांभा, खाली अभेद्य कातळ, आणि पाऊस चार महिन्यांत उरकलेला. पाणी मुरायला थांबत नाही, नदी होऊन निघून जातं. ते धोम, कण्हेर, कोयना या धरणांत साठतं, म्हणजे खालच्यांच्या कामी येतं. वरच्या गावाची मदार वेण्णा तलावावर, आणि पाचगणीलाही पाणी तिथूनच जातं. गर्दीच्या दिवसांत खोलीतला शॉवर बारीक झाला तर मॅनेजरवर खेकसण्यापूर्वी हे आठवावं.

मेच्या मानाने मार्च-एप्रिलचा सांधा मला बरा वाटतो. अंजनीला निळी-जांभळी फुलं फांदीलगत लगडतात, जांभूळ मोहरते आणि मधमाश्यांचा हंगाम सुरू होतो. या तालुक्यातलं मांघर हे 2022 मध्ये देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. परीक्षांचे दिवस असल्याने रस्ते मोकळे असतात. शेतात स्ट्रॉबेरीचा शेवटचा तोडा चालू असतो, फळ लहान झालेलं पण गोडीला चढलेलं.

स्ट्रॉबेरीसाठी जायचं तर पावसाळ्याचा विचार करूच नये. रोपं लावली जातात पाऊस ओसरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरात, आणि फळ हाती येतं नोव्हेंबरअखेरपासून. जानेवारी ते मार्च हा भराचा काळ. 2010 मध्ये महाबळेश्वर स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकन मिळालं. जुलैत रस्त्याकडेला जी ‘स्ट्रॉबेरी विथ क्रीम’ मिळते ती साठवणीतल्या फळाची असते. खायला हरकत नाही, फक्त ताजी समजून पैसे देऊ नयेत.

हिमकणांची बातमी वाचून डिसेंबरात धावणाऱ्यांनाही थोडं सांगायला हवं. गावातल्या वेधशाळेत त्या दिवशी तापमान शून्याच्या बरंच वर असतं, तरीही वेण्णा तलावाच्या आणि लिंगमळ्याच्या परिसरात दव गोठतं, यात खोटं काही नाही. आकाश निरभ्र, वारा पडलेला अशा रात्री जमीन आपली उष्णता वेगाने वर फेकते. तिला लागून असलेली हवा गार आणि जड होते, उतारावरून घरंगळत खोलगट भागात साचते. वेण्णाचा परिसर तसाच खोलगट आहे. गवताचं पातं किंवा जीपचा पत्रा तर आसपासच्या हवेहूनही गार पडतो. म्हणून हे हिमकण बघायचे तर पहाटे, सूर्य वर यायच्या आत, आणि तेही वारा पडलेल्या रात्रीनंतरच. नाताळाच्या सुट्टीत नऊ वाजता उठून गेलात तर तिथे फक्त गाड्या दिसतील, त्याही एकमेकींच्या मागे अडकलेल्या. नाताळ ते नववर्ष हा आठवडा मी तरी कुणाला सुचवणार नाही. जानेवारीचा दुसरा-तिसरा आठवडा घ्यावा, थंडी तीच असते आणि माणसं निम्मी.

उरला तो पाऊस सरतानाचा काळ, आणि माझं मत याच बाजूने आहे. सप्टेंबरात उत्तरा नक्षत्र लागतं तेव्हा पाऊस जुलैच्या तिसऱ्या हिश्श्यावर आलेला असतो. ढग दिवसातून दोन-चार वेळा फाटतो आणि त्या फटीतून धुतलेलं खोरं दिसतं. धबधबे अजून भरात असतात. पठारांवर तेरडा, सोनकी, कवला, गेंद यांचे पट्टे उमटतात. फुलांसाठी कासचं नाव सर्वांना ठाऊक आहे. पश्चिम घाटातल्या ज्या जागांना 2012 मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला त्यांत कास आहे. साताऱ्याहून ते पंचवीसेक किलोमीटर, प्रवेशाला रोजची मर्यादा आणि आधी ऑनलाइन नोंदणी. पण पाचगणीच्या पठारावरही त्याच दिवसांत खाली वाकून पाहिलं तर फुलं दिसतात, घोड्यांच्या टापांतून वाचलेली. ज्या वर्षी कारवी फुलते त्या वर्षी तर सगळं सोडून जावं. ती सात-आठ वर्षांनी एकदा, अख्ख्या उतारावर एकदम फुलते आणि मरते.

ज्यांना भिजायचं नाही, पण हिरवं हवं आणि दूरचंही दिसायला हवं, त्यांनी ऑक्टोबरची वाट पाहावी. इथे एक जुना ठोकताळा बदलायला लागतो. ‘सप्टेंबर संपला की पाऊस गेला’ हे आपल्या डोक्यात बसलेलं आहे. हवामान खात्याने 2020 मध्ये मान्सूनच्या सरासरी तारखा नव्याने ठरवल्या, तेव्हा मुंबईतून मान्सून परतण्याची तारीख 29 सप्टेंबरवरून 8 ऑक्टोबरवर गेली. पाऊस रेंगाळतो आहे, हे शेतकरी त्याआधीपासून सांगतच होते. त्यामुळे 2 ऑक्टोबरच्या जोडसुट्टीला आरक्षण करून ठेवलेल्यांच्या डोक्यावर हत्तीचा पाऊस, म्हणजे हस्त नक्षत्राचा, हमखास कोसळतो. कॅलेंडर बाजूला ठेवावं आणि परतीच्या पावसाची बातमी बघावी. खात्याने पुणे-मुंबईतून मान्सून परतल्याचं जाहीर केलं की चार-पाच दिवसांनी निघावं.

त्या दिवसांतल्या हवेला वर्षात तोड नाही. चार महिन्यांच्या पावसाने धूळ खाली बसवलेली असते, वणव्यांना अजून वेळ असतो. विल्सन पॉइंट हा इथला सर्वांत उंच माथा, 1439 मीटर. तिथून पहाटे पाहिलं तर खोऱ्यांत धुकं साचलेलं आणि त्यातून डोंगरांचे माथे वर आलेले दिसतात. जुलैत आपण ढगाच्या पोटात असतो, ऑक्टोबरात त्याच्या वर. केट्स पॉइंटवरून धोमचं भरलेलं पाणी, आर्थर सीटवरून रांगांमागच्या रांगा. प्रतापगड सकाळी गाठला तर जावळीचं खोरं किती दाट होतं आणि अफजलखानाला तिथे ओढून आणणं ही काय चाल होती, हे बुरुजावरून उमगतं. मेच्या धुरकट हवेत ते तितकंसं उमगत नाही, आणि जुलैत बुरुजच दिसत नाही. खाली मैदानावर ‘ऑक्टोबर हीट’ने अंगाची लाही होत असते आणि वर दुपारी पंचवीस अंश.

गर्दी मात्र दिवाळीबरोबर येते आणि दिवाळी दरवर्षी पुढे-मागे सरकते. म्हणून परतलेला मान्सून आणि लागायची सुट्टी यांच्यामध्ये सापडणारे दिवस हेरावेत. कधी ते तीन आठवडे मिळतात, कधी जेमतेम एक. त्यातही शनिवार-रविवार टाळून मंगळवार-बुधवार धरला तर वेण्णा तलावापाशी गाडी अडकत नाही, खोलीचा भाव निम्म्यावर येतो आणि पॉइंटवर रेलिंगपाशी उभं राहायला रांग लागत नाही. पहाटे आणि सकाळ बाहेर घालवा, दुपारनंतर परता. छत्री घरी ठेवू नका. ऑक्टोबरात चार वाजता आलेली सर महाबळेश्वरच्या हिशेबात पाऊस म्हणून मोजलीही जात नाही, पण भिजवते व्यवस्थित.